काट्याखालचा टेकू

न्हाणीघराबाहेरच्या कोपऱ्यातला वजनकाटा डुगडुगत होता, एवढंच निमित्त. वहिनी जाता जाता म्हणाली, "भाऊजी, तेवढा काटा बघा ना, उभं राहिलं की हलतो," आणि तिच्या धाकट्या दिराने तो बघितला. घरात जे जे हलतं त्यावर या दिराकडे एकच औषध होतं, पुठ्ठ्याची घडी. जेवणाचं टेबल, कपाट, शिवणयंत्र, सगळी मंडळी त्याच औषधावर तगून होती. त्याने काटा पालथा केला, चार पायांच्या मधोमध जाडसर घडी चिकटवली, काटा सरळ केला आणि वर एक पाय देऊन पाहिला. हलत नव्हता. हात झटकून तो आपल्या कामाला लागला.

काट्याचे चार पाय म्हणजेच त्याचे कान, माणसाचा भार त्याला तिथूनच ऐकू येतो, आणि मध्येच एखाद्या घडीने त्यातला थोडा भार परस्पर झेलला तर काटा तेवढं कमी ऐकतो, हे दिराला माहीत नव्हतं. वहिनीला चांगलं माहीत होतं. पण घडी खाली होती आणि वहिनी वर.

हा दीर म्हणजेच ही हकीकत सांगणारा. त्यामुळे पुढे कुठे त्याच्याबद्दल बरा शब्द आला तर तो खुशाल संशयाने वाचावा. वहिनीही तसाच वाचेल.

संशय हा तिचा स्वभाव नव्हे, पेशा. गेली बारा वर्षं ती पार्सलच्या खिडकीवर बसते. समोर काच, काचेखाली फट, उजव्या हाताला मोठा काटा. सकाळी दहाला खिडकी उघडण्याआधी ती शिक्का मारलेलं पाच किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवते, आकडा बरोबर आला की वहीत सही करते, आणि मगच पहिल्या माणसाकडे बघते. मग दिवसभर एकेक नमुना. "दोन किलोसुद्धा नसेल हो बाई," म्हणत साडेचार किलोचं खोकं सरकवणारे. खोक्याचा एक कोपरा अलगद कठड्यावर टेकवून दुसरीकडे बघत शीळ घालणारे. खालून दोन बोटांनी उचलून धरणारे. त्या सगळ्यांसाठी तिचं एकच वाक्य आहे: "हात काढा. काट्याला टेकू नका." तिचा नवरा, म्हणजे दिराचा दादा, सांगतो की हे वाक्य ती झोपेतही म्हणते, आणि त्याचा हात तिच्या उशीवर असेल तर तो खरंच काढून घेतो.

एवढी जागरूक बाई, पण तिच्या स्वतःच्या वजनावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता. तिला पीसीओडी. पाळी लग्नाआधीपासूनच लहरी, कधी चार-चार महिने तोंड दाखवायची नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजनाने जे धरलं ते सोडायचं नाव घेईना. हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की तिचं शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, त्यामुळे इतरांचं खर्च होतं ते तिचं साठतं. वहिनीने ते चित्र घरी आणून सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "चित्र छान आहे. पण हवा खाऊन कोणी फुगत नाही बाई."

म्हणजे चोरून खाते. हे शब्द कोणी उच्चारायचं नाही, पण घरभर ते फिरत असायचे. एकदा तिच्या पर्समध्ये बिस्किटांचा रिकामा पुडा सापडला. शाळेतून येताना दोन्ही मुलींनी बसमध्ये संपवला होता आणि कचरापेटी दिसेना म्हणून तिने तो पर्समध्ये टाकला होता. सासूबाईंनी काही विचारलं नाही. पुडा फक्त ओट्यावर उभा करून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला मुदत दिली. दवाखान्याच्या काट्यावर तेव्हा एक्याऐंशी किलो होते. "चार किलो उतरवा. उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत आणा. नाहीतर गोळी सुरू करू." गोळी वाईट नव्हती, पुष्कळ जणींना ती मानवते असं त्या म्हणाल्या. वहिनीला मानवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने ती घेतली तेव्हा पोटाने असा काही उच्छाद मांडला की दिवसातून तीनदा खिडकी बंद करून पळावं लागायचं. रांग बाहेर ओरडायची. साहेबांनी आत बोलावून फार गोडीने सांगितलं, "खिडकी झेपत नसेल तर मागे गोदामात जागा आहे. तिथे कोणाला घाई नसते." गोदामाची पाळी रात्री आठला सुटते. खिडकी चारला बंद होते, आणि साडेचारला मुलींची शाळा सुटते. गोळी सुरू म्हणजे खिडकी गेली आणि खिडकी गेली म्हणजे मुलींच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या, असा सरळ हिशोब होता. साहेबांची गोडी तिला गोळीपेक्षा कडू लागली होती.

तेव्हापासून तिने कंबर कसली. आणि कंबर कसायला आधी ती सापडावी लागते, हा विनोद दिराने केला आणि आठवडाभर त्याला चहा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागला. तिच्या चहातली साखर गेली. अर्धं ताट भाजीचं झालं, सकाळी एक उकडलेलं अंडं आलं. सगळ्यात अवघड होतं मुलींच्या ताटात उरलेलं न खाणं. आठ वर्षांची थोरली कडा टाकायची, चार वर्षांची धाकटी मधलं टाकायची, आणि दोघींचं मिळून एक अख्खं जेवण वहिनीच्या पोटात जायचं, तेही ओट्याशी उभ्याने, जे तिने आजवर जेवण म्हणून मोजलंच नव्हतं. चालायला वेळ नव्हता. सकाळी सहा ते साडेसात दोन डबे, दोन वेण्या, चार मोजे, त्यातला एक नेहमी बेपत्ता. मग आवराआवर, बस आणि खिडकी. म्हणून ऑफिसचे तीन जिने ती जेवणाच्या सुट्टीत चढ-उतार करायची. शिपाई विचारायचा, "बाई, काही हरवलंय का?"

सात आठवड्यांत दीड किलो उतरला. मग काटा साडेएकोणऐंशीवर बसला तो तीन रविवार हलेना. आणि चौथ्या रविवारी, दिराने घडी चिकटवल्यानंतरच्या पहिल्याच, ती काट्यावर उभी राहिली तर सत्त्याहत्तर.

दुसरी कोणी असती तर नाचली असती. वहिनी खाली उतरली, आकडा शून्य होऊ दिला, पुन्हा चढली. सत्त्याहत्तर. ओला टॉवेल खांद्यावरून काढून चढली. सत्त्याहत्तरला थोडे कमी. तिच्या मनात पाल चुकचुकली. अडीच किलो असे एका आठवड्यात जात नसतात. तिने बारा वर्षं पार्सलं तोलली होती, वाटेत हलकं झालेलं पार्सल म्हणजे आतून कोणीतरी काहीतरी काढलेलं असतं.

"उतरलं का गं?" आतून दादा.

"उतरलंय."

"मी म्हणतच होतो. बारीक दिसतेस."

"कधी म्हणत होतात?"

"मनातल्या मनात."

इथे तिचा पहिला संशयित ठरला. नवऱ्याने तिला खूश करायला काट्याशी काहीतरी खटपट केली असणार. दादा शीतगृहात यंत्रं दुरुस्त करतो, त्याच्या खिशात पेचकस कायम असतो. तिने दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. तो दात घासायला गेला तरी ती दारात उभी. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझ्यावर एवढं प्रेम अचानक कशामुळे?" तेव्हा तिने त्याचं नाव तात्पुरतं खोडलं.

मग तिने सापळा लावला. काट्यावर काळ्या दोऱ्याचा तुकडा आडवा ठेवून दिला. कोणी हात लावला तर दोरा हलेल. सकाळी पाहते तो दोरा नाहीच. घरात काट्याजवळ आदल्या संध्याकाळी कोण फिरकलं होतं याचा तपास तिने भाजी निवडता निवडता सुरू केला.

"आई, काल तुम्ही तिकडे कोपऱ्यात काय करत होतात?"

"कुठल्या कोपऱ्यात?"

"काट्यापाशी."

"केर काढत होते." सासूबाईंनी भाजीची काडी मोडली. "केरसुणी नीट जातसुद्धा नाही तुझ्या त्या काट्याखालून. अडकते मेली. त्याच्याखालचाही केर आता मीच काढायचा का?"

वहिनीला हा टोमणा वाटला. सासूबाईंच्या बोलण्यात टोमणा शोधायची तिला इतकी सवय झाली होती की त्यात कधी नुसती माहितीही असू शकते, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिने उठून केरसुणी घेतली आणि रागारागाने काटा सोडून बाकी सगळं घर झाडलं.

दीर हे सगळं टेबलाशी बसून ऐकत होता. त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता. काही दुरुस्त केल्याबद्दल आपल्यावर कोणी संशय घेईल हे त्याच्याही डोक्यात आलं नाही. उलट तो म्हणाला, "वहिनी, इतकं कमी झालंय तर एक दिवस मनसोक्त जेवा की."

तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "का? तुमचं काय जातंय त्यात?"

त्या संशयाने तिचं भलं केलं, हे कबूल करायला हवं. सत्त्याहत्तर आकडा खरा मानला असता तर ती सैल पडली असती. ती उलट अधिक ताठ झाली. आकडा तिच्या बाजूने बोलत होता आणि ती त्याचं ऐकत नव्हती. पुढच्या रविवारी काट्याने तिला आणखी थोडं हलकं केलं. तिने भाजी वाढवून घेतली आणि जिना दोनदा जास्त चढली.

पण माणूस शेवटी माणूस. दवाखान्याची तारीख सोमवारी सकाळी आठची होती. शनिवारी खिडकी बंद करताना तिने पाच किलोचं वजन रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये घातलं. रविवारी सुट्टी, सोमवारी दहाच्या आत परत जागेवर. हे नियमात बसत नव्हतं आणि तिला ते माहीत होतं. घरी येईपर्यंत पर्सचा पट्टा खांद्यात रुतला. दाराशी दादा म्हणाला, "काय भरलंयस गं, दगड?"

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आधी तिने वजन घरच्या काट्यावर ठेवलं. आकडा आला, पाच. काटेकोर पाच. तिने वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पाच.

पाच किलोने काटा वाकत नव्हता, त्यामुळे खालची घडी जमिनीला न टेकता आपली निवांत बसून होती. पण शिक्क्याचं वजन म्हटलं की वहिनीचा विश्वास. बारा वर्षं त्या पाच किलोंवर तिने सही केली होती. ती जमिनीवर तशीच बसून राहिली. मग काट्यावर चढली. साडेशहात्तर. दादा बाहेर आला तेव्हा ती हसत होती, आणि त्याला वाटलं आज परत आपल्यावर पाळत आहे.

त्या दिवशी तिने सासूबाईंना आकडा सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "हं." पण संध्याकाळी त्यांनी वहिनीच्या ताटात न विचारता भाजी जास्त वाढली.

सोमवारी आठ वाजता दवाखाना. सिस्टरने नाव पुकारलं, चपला काढायला सांगितल्या. काटा भिंतीपासून दूर, फरशीवर सपाट. वहिनीने आधी तेच पाहिलं. मग चढली.

"एकोणऐंशी," सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली.

"किती?"

"एकोणऐंशी."

"पुन्हा बघा."

पुन्हा एकोणऐंशी. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, तीन महिन्यांपूर्वीचा पाहिला आणि चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं. ती नजर वहिनी ओळखत होती. रांगेतला माणूस "दोन किलोसुद्धा नसेल" म्हणतो तेव्हा ती स्वतः अशीच बघते.

"दोनच किलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं सांगा हं, रागावणार नाही. मधल्या वेळेत काही तोंडात टाकता का?"

वहिनी उठली, पर्स उघडली आणि रुमालातलं लोखंडी वजन टेबलावर ठेवलं. टेबलावरची पेनं उडाली.

"हे काय?"

"शिक्क्याचं आहे. पाच किलो. माझा काटा यावर खरा उतरलाय. तुमचा उतरतो का बघू."

डॉक्टरीणबाई उठून स्वतः बाहेर आल्या. बाकावरच्या बायका मान वळवून बघायला लागल्या. सिस्टरने वजन दोन्ही हातांनी काट्यावर ठेवलं. पाच.

वहिनीने वजन उचलून रुमालात गुंडाळलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोन काटे, दोन्ही खरे, आणि मधे अडीच किलो कुठेतरी गडप. म्हणजे खोटं ठरायला एकटीच उरत होती.

आत परत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट उघडला. मग टेप घेऊन कंबर मोजली, आणि दुसऱ्यांदा मोजली. "साखर एकशे बारा होती. आता सत्त्याण्णव आहे. कंबर दोन इंच उतरलीय. पाळी?"

"आली. दोनदा. आपोआप."

"चोरून खाणाऱ्याची साखर अशी उतरत नाही," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. माफी अशी त्यांनी मागितली नाही, पण गोळीचं नाव लिहून झालं होतं त्यावर आडवी रेघ ओढली. "तीन महिने आणखी देते. पण दोन किलो बाकी आहेत, ते सोडणार नाही. रोज अर्धा तास सलग चालायचं. जिने नव्हे. सलग."

"सलग अर्धा तास माझ्याकडे नाही."

"मग कोणाकडे आहे ते शोधा."

दहाला पाच मिनिटं असताना वजन जागेवर होतं. तिने काटा तपासला, सही केली, खिडकी उघडली. खिडकी अजून तीन महिने तिची होती, पण मन घरच्या काट्यावर. अकराच्या सुमारास एक आजोबा पडद्याचा लांबलचक दांडा घेऊन आले. दांडा काट्यावर आडवा पडला, त्याचं टोक पलीकडच्या भिंतीला लागलं.

"आजोबा, काट्याला टेकू न—"

वाक्य तोंडातच राहिलं. काट्यावरचा दांडा भिंतीला टेकला होता आणि आकडा कमी दाखवत होता. पाच किलोचं छोटं वजन ठेवलं असतं तर ते कशालाच टेकलं नसतं. काट्याला टेकू नका, हे बारा वर्षं ती लोकांना सांगत होती. काटाच खालून कशाला तरी टेकला असेल तर?

"बाई," आजोबा म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"नाही, आजोबा. तुम्ही अगदी वेळेवर आलात."

चारला खिडकी, साडेचारला शाळा, पाचला घर. चपला न काढता ती कोपऱ्यात गेली, केरसुणी उचलली आणि काट्याखाली घातली. अडकली. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

वहिनीने काटा पालथा केला. मधोमध पुठ्ठ्याची घडी, नीट चारही बाजूंनी चिकटवलेली, अगदी प्रेमाने. तिने नखाने ती सोडवली, उलगडली. बुटांच्या खोक्याचं झाकण होतं ते. एका कडेला छापलेला आकडा होता, नऊ.

दादाच्या पायाचा नंबर सात. ते तिला पाठ होतं.

दीर टेबलाशी बसला होता. टेबल त्या दिवशीही अजिबात हलत नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या पायाचा नंबर काय हो?"

"नऊ. का? बूट आणताय?"

तिने घडी त्याच्यापुढे ठेवली. ओट्यावर एकेकाळी बिस्किटांचा पुडा ठेवला गेला होता, तशीच, उभी. दिराने घडीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला तो इतका उशिरा की सासूबाईंच्याही चेहऱ्यावर आधी पडून गेला होता.

"तुम्हीच म्हणालात हलतो म्हणून," तो म्हणाला.

"हो. आणि डॉक्टरीणबाईंपुढे सगळ्या बाकासमोर मी लोखंड काढून भांडले."

"वहिनी, माफ करा. खरंच."

"माफीचं काय करू? काट्यावर ठेवू?" ती खुर्चीत बसली. पहिल्यांदाच दमलेली दिसली. मग काहीतरी आठवल्यासारखी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, तशी ती पार्सलाकडे बघते. "सकाळी सहा ते साडेसात तुम्ही काय करता?"

"झोपतो."

"सलग?"

"सलग."

निकाल तिथेच लागला. तीस सकाळी. दोन डबे, दोन वेण्या, चार मोजे. सासूबाई म्हणाल्या, "वेण्या याला जमणार नाहीत," आणि दादा म्हणाला, "पुठ्ठा लावेल." दिराने मान हलवली. पहिल्या आठवड्यात थोरली एक वेणी वर, एक खाली घेऊन शाळेत गेली आणि बाईंनी वहीत लिहून पाठवलं की घरी सगळं ठीक आहे ना.

वहिनी बूट घालून सहाला बाहेर पडते. गल्लीच्या टोकापर्यंत, पाण्याच्या टाकीला वळसा, परत. घरचा काटा आता खरं बोलतो, आणि शेवटच्या रविवारी तो सव्वाअठ्ठ्याहत्तर म्हणाला. तिने तो आधी पालथा करून पाहिला, मगच मानलं.

दिराच्या एकोणीस सकाळी झाल्या. त्यातल्या एका सकाळीबद्दल वाद आहे. त्या दिवशी वहिनी फेरीवरून लवकर परतली, दोन्ही डबे भरून तयार होते, आणि तिने एकाचं झाकण उघडून वास घेतला.

"भाऊजी, ही भाजी तुम्ही केलीत?"

"मीच."

"मोहरी तडतडलीय नीट."

"शिकलो."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या.

"अकरा नाही," वहिनी बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाली. "बारा राहिल्या."